एकाच तापाची दोन भावंडं

फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरला जाणारं पाणी तपासणं हे माझं काम. हातात काचेचा चंबू होता, त्यातल्या पाण्याचा गुलाबी रंग थेंबाथेंबानं उतरत होता, आणि दारातून कुणी तरी म्हणालं, "बापू, जळगावहून फोन आहे." पलीकडे कांचनभाभी होत्या, अक्काच्या घरमालकीण. "भाऊसाहेब, अक्का उठत नाहीत हो... जेवून आडव्या झाल्या, मी चार वेळा हाक मारली..." मी रिसीव्हर ठेवला, परत टेबलाशी आलो, चंबूतलं पाणी तोवर बिनरंगी झालं होतं. मी त्याचा आकडा रजिस्टरमध्ये लिहिला, पेनाचं टोपण लावलं आणि मग निघालो. असं का केलं ते मला आजही सांगता येणार नाही. भुसावळहून जळगाव ते कितीसं लांब! पण त्या दिवशी गाडी कुठल्या तरी दुसऱ्याच मुलखातून चालल्यासारखी वाटली. उन्हानं सगळं पुसट झालं होतं, झाडं जमिनीपासून हातभर वर तरंगत होती.

अक्का गेली त्याला आता दीड महिना झाला. अक्का म्हणजे प्रमिला, माझी सख्खी बहीण, दोन वर्षांनी मोठी. जळगावच्या एका कॉलेजात तिनं वीस-बावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी. लांबच्या व्हरांड्यातून तो ठोका ऐकू आला की वर्गातली कुजबुज थांबायची, असं तिचे विद्यार्थी परवा मला सांगत होते. त्यांना तो ठोका धाकाचा वाटायचा. मी मात्र त्या ठोक्याच्या आधीची अक्का पाहिलेली आहे. म्हणजे पाहिली असणार... मला ती आठवत नाही. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो.

आमचं गाव धुळ्याच्या पुढे, पांझरेच्या काठी. त्या वर्षी माय आम्हां दोघांना घेऊन पलीकडच्या गावी माहेरी गेली होती. परत येताना ऊन फार झालं म्हणून तिनं नदीत आम्हांला न्हाऊ घातलं. अक्का पाण्यातून निघेचना, वाळूवर पालथी पडून पाय आपटत राहिली. हे सगळं मला अक्कानं सांगितलेलं. तिला ते पाणी, त्यातले सोनेरी ठिपके, मायचा ओला पदर, सगळं स्वप्नासारखं लख्ख दिसायचं. त्याच आठवड्यात दोघांना ताप भरला. एका गोधडीवर आम्ही शेजारी शेजारी पडलो होतो. अक्का म्हणायची, तापात तिला छपराचे वासे पाण्यात हलल्यासारखे दिसत आणि माझा श्वास कानाशी ऐकू येई. चौथ्या दिवशी मी उठून बसलो आणि भाकर मागितली. अक्काही उठायला गेली. उजवा पाय तिच्याबरोबर उठला नाही.

गावात बोलायला वेळ लागला नाही. नदीवर भर उन्हात पोरीला भिजवली, म्हणून पाय गेला. डॉक्टरांनी पुढे पोलिओ असं नाव सांगितलं, तरी मायच्या मनात ती नदीच राहिली. ती पुन्हा कधी पांझरेच्या पाण्यात उतरली नाही. माहेरी जायचं तर फेर घेऊन पुलावरून जायची आणि पुलावर मान वळवून दुसरीकडे बघायची. आणि मी? मी उठलो होतो. घरात हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण मला कळायचं. मी अंगणात धावू लागलो की माय हळूच म्हणायची, "बहीनसमोर पयू नको, बापू." मग मी चालायचो. चौथीत असताना शाळेच्या शर्यतीत पहिला आलो, बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला, तो मी कडब्याच्या गंजीत लपवला. दोन दिवसांनी बघतो तर अक्कानं तो शोधून, राखेनं घासून, त्यात मला दूध आणून दिलं. "पहिला आलास का?" एवढंच विचारलं. मी रडायला लागलो तशी म्हणाली, "दूध खारट होईल. आधी पी."

ती शिकत गेली. धुळ्याला, मग पुण्याला. जळगावला नोकरी लागली तेव्हा वडील गेले होते, मायला तिनं आपल्याकडे आणलं. कापडाचा व्यापार करणाऱ्या मारवाडी कुटुंबाच्या घरात तळमजल्यावर दोन खोल्या होत्या, वर कांचनभाभींचं बिऱ्हाड. लग्नाचा विषय निघाला की अक्का हसून कामाला लागायची. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती तिनं मला बऱ्याच उशिरा सांगितली. एकाच घरात, एकाच गोधडीवर, एकाच तापानं दोघं पडली. मग एक उठला आणि एक नाही, हे कसं?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती एका प्रशिक्षणासाठी तीन आठवडे मुंबईला गेली होती. तिकडून परस्पर दीपनगरला माझ्याकडे आली. संध्याकाळची वेळ होती. क्वार्टरच्या मागच्या अंगणात आम्ही बसलो होतो. वीज केंद्राच्या शीतक मनोऱ्यांतून पांढरी वाफ निघून सावकाश आभाळात मिसळत होती. अक्काच्या मांडीवर वही होती, पण ती वहीत बघत नव्हती.

"बापू, सापडलं असं वाटतंय," ती म्हणाली. "विषाणू शरीरात शिरला की पेशी त्याचा एक तुकडा आपल्या अंगावर धरून दाखवते. तो दिसला की रक्तातले पहारेकरी धावून येतात. पण तुकडा धरायची पकड प्रत्येकाची निराळी. ती जन्मतःच ठरलेली असते, जनुकांत."

मी म्हटलं, "मला नाही समजलं."

स्वयंपाकघरात माझी बायको पीठ चाळत होती. अक्कानं तिकडे बोट केलं. "आपल्या घरी चाळण्या किती होत्या? गव्हाची, बाजरीची, तिळाची. एकीत अडकतं ते दुसरीतून निसटतं. तसाच चाळण्यांचा एक संच अंगात असतो समज. अर्धा आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. एखादा विषाणू माझ्या चाळणीतून निसटला असेल आणि तुझ्या चाळणीत अडकला असेल. मूत्रपिंड बसवताना जुळवून बघतात ना, तीच ही जनुकं."

"पण आपण तर सख्खे."

"आईकडे असे दोन अर्धे, वडिलांकडे दोन. कुठला एक कुणाच्या वाट्याला येईल याचा नेम नाही. सख्ख्यांतही चार तऱ्हा होतात." मग तिनं मांडीवरची वही मिटली. "नदीनं काही केलं नव्हतं रे... हे मायला सांगायचंय मला."

तिचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. कुणी तरी खांद्यावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखी ती दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवून दिलं. आठवड्यानं तिचं पत्र आलं, चारच ओळींचं. मायला तिनं सगळं नीट, सोप्या शब्दांत सांगितलं होतं. माय हातातली मेथी निवडत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हनजे नदीना दोष नही. मन्हामाईनच उनं ना मंग ते?" माझ्यातूनच आलं ना मग ते... आणि मेथी तशीच टाकून आत जाऊन निजली.

पत्राच्या शेवटी अक्कानं लिहिलं होतं, "मी तिच्या डोक्यातली नदी काढायला गेले आणि रक्तात विष कालवून आले. आता काय करू ते सांग." मी तिकडे जाऊन आलो. माय घरात होती, कामं करत होती, पण बोलायची थांबली होती. अक्काच्या बुटाचे पट्टे रोज सकाळी ती बांधायची, ते बांधताना आता वर बघत नसे. अक्का तिला समजावून थकली. यात कुणाचा हात नसतो, तूही ते तुझ्या आईकडून घेतलंस, शिवाय हे असंच झालं असेल याचीही खात्री नाही, नुसता अंदाज आहे. माय मान हलवायची. असं दीड-दोन वर्षं चाललं.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीत काविळीची साथ आली. गल्लीत एक सामाईक विहीर होती, सगळे तिचंच पाणी भरायचे. अक्कानं मला बोलावून घेतलं. मी पाणी तपासलं. माझ्या चाचण्यांत ते पाणी चांगलंच निघालं. विषाणू माझ्या चंबूत कुठून दिसणार! अक्कानं सांगितलं, तुझं राहू दे, आधी सगळ्यांनी पाणी उकळून प्यायचं. आणि तिनं घरोघरी जाऊन कोण कसं आजारी आहे ते लिहून घ्यायला सुरुवात केली. जिने अरुंद, तिला चढता येत नसत. मग माय वर जायची. मी सुट्टीच्या दिवशी जाई तेव्हा बघायचो, अक्का खाली कुबडीवर रेलून वही धरून उभी आणि माय वरून सांगते आहे, "तिघं शेतस. एक निजेल शे, दोन खेळी ऱ्हायनात." एकाच माठातलं पाणी पिऊन एक अंथरुणाला खिळलेला आणि दोन खेळताहेत, असं घरामागून घर. वहीतून शास्त्राला धरून काहीच सिद्ध होत नाही, हे अक्का मला स्वतःच सांगायची. तरी लिहायची.

मायनं मात्र त्या जिन्यांवर दुसरंच काही ऐकलं. प्रत्येक घरात एक बाई तिला बाजूला घेऊन सांगायची. मीच त्याला बर्फाचा गोळा खाऊ दिला. मीच लग्नाला नेलं. मीच ताप अंगावर काढू दिला. माय ऐकायची आणि खाली येऊन एवढंच म्हणायची, "लिख. दोन पोरं."

कांचनभाभींचे दोन्ही मुलगे त्याच आठवड्यात पिवळे पडले. थोरला एकोणीस वर्षांचा, वडिलांबरोबर दुकानात बसणारा. धाकटा कॉलेजला, अक्काच्याच वर्गात. धाकटा आठ दिवसांत ताक-भात खाऊ लागला. थोरल्याचा ताप उतरला, पण डोळे आणखी पिवळे झाले, मग तो असंबद्ध बोलायला लागला, मग त्याला दवाखान्यात नेलं. तो परत आला नाही.

तो गेल्याच्या पाचव्या दिवशी मी तिथे होतो. मी आणि अक्का जिन्याच्या तळाशी उभे होतो. दुपार होती, गल्लीत एवढी शांतता होती की वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. वर कांचनभाभी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, चार दिवस त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. माय वर गेली. मग भाभींचा आवाज आला, घोगरा. "मायजी, तो म्हणाला होता अंग दुखतंय. मी म्हटलं, लग्नसराई आहे, दुकानात बस. दोन दिवस बसवलं त्याला मी. धाकट्याला घरी झोपू दिलं... मीच मारलं त्याला."

"नही," माय म्हणाली. "तुनं काही चुकनं नही, बाई."

"तुम्हाला काय माहीत!"

"माले माहीत शे." मग माय सांगू लागली, पोरीला नदीवर कशाला नेलं इथपासून. मी तिला सलग इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मी तीस वरीस हाऊच इचार कया. नदीवर कसाले लयी गऊ, कसाले लयी गऊ. मंग पोरनी सांगं, ते नदीनं नही, रगतमाईन येस. मंग माले वाटनं, मीच दिन्हं. पन देख, मन्ही मायनी जे माले दिन्हं, तेच मी पोरले दिन्हं. तिले तिन्ही मायनी. देनारले माहीत नव्हतं, लेनारले माहीत नव्हतं. मंग गुन्हा कोनना?"

वर एकदम मोठ्यानं रडणं फुटलं. चार दिवस अडलेलं रडणं होतं ते. मी अक्काकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती, कुबडी हातातून सुटून पायरीवर पडली होती. मी ती उचलून द्यायला गेलो तर तिनं मानेनंच नको म्हटलं. माय खाली आली, आमच्याकडे न बघता आत गेली, आणि थोड्या वेळानं चुलीवर चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टे बांधता बांधता तिनं वर बघितलं आणि अक्काला विचारलं, "घट्ट व्हयना का?"

माय पुढे चार वर्षांनी गेली. शांतपणे गेली.

ती गेल्यानंतरची गोष्ट. अक्काचा एक जुना विद्यार्थी मुंबईच्या एका रुग्णालयात, जिथे मूत्रपिंडासाठी पेशी जुळवून बघतात तिथे, कामाला लागला होता. तो अक्काला म्हणाला, बाई, तुमची दोघांची तपासणी करून बघू. अक्का हरखली. मी मात्र टाळत राहिलो. शेवटी तिनं मला जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं. गाडी सुटून थोडा वेळ झाला, केळीच्या बागा मागे जाऊ लागल्या, पानांवर कोवळं ऊन हलत होतं. मी म्हटलं, "अक्का, मला नको वाटतंय."

"का रे?"

"माझी चाळणी चांगली आणि तुझी वाईट, असं कागदावर लिहून येईल. मग ते आपल्या घरात कायमचं राहील."

तिनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. "ही केळी बघ. सगळी एकाच कंदाची, एकीसारखी दुसरी. एकीवर रोग आला की बाग जाते. माणसांच्या चाळण्या वेगवेगळ्या असतात म्हणून गाव उरतं. एका आजाराला कमी पडलेली चाळणी दुसऱ्या आजारात कामाला येते. वाईट अशी नसतेच." मग म्हणाली, "आणि असलीच तर ती माझी आहे. तू कशाला घाबरतोस?"

महिन्याभरानं तिनं मला जळगावला बोलावलं. तिच्या खोलीत, खिडकीपाशी, तिनं माझ्या हातात एक कागद दिला. वर तिचं नाव, खाली माझं, आणि दोन्ही नावांपुढे अक्षरं आणि आकडे. "वाच," ती म्हणाली. मी वरची ओळ वाचली. खालची वाचली. पुन्हा वरची वाचली. दोन्ही ओळी अक्षरन् अक्षर सारख्या होत्या.

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्या चाळण्या एकच आहेत. चार तऱ्हांतली एकच तऱ्हा, दोघांच्या वाट्याला." ती हसायला लागली, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "उद्या मला मूत्रपिंड लागलं तर तुझंच काढून घेणार बघ."

मी खाटेवर बसलो. इतकी वर्षं मला जी भीती वाटत होती ती गेली, आणि जो आधार होता तोही गेला. आमच्यात फरक होता, म्हणून मी उठलो, हे म्हणायची सोय राहिली नाही. "मग मी का उठलो, अक्का?"

"माहीत नाही." तिनं कागदाची घडी घातली. "या चाळण्या सारख्या निघाल्या. शरीरात आणखी पहारे असतात, त्यांची जनुकं आणखी निराळी, त्यातली कितीक अजून कुणाला सापडलेलीही नाहीत. माझ्या पोटात विषाणू जास्त गेला असेल. किंवा नुसतंच झालं असेल. शोधणारे शोधतील."

"मायला आपण खोटं सांगितलं मग."

बाहेर गल्लीत कुणी तरी कापसाची गादी पिंजत होतं, त्या तारेचा आवाज येत राहिला. "अंदाज सांगितला होता," ती म्हणाली. "तो चुकला. माय असती तर तिलाही हा कागद दाखवला असता मी. आणि तिनं जिन्यावर जे सांगितलं ना, ते या कागदानं खोटं पडत नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आणि तू उठलास ते बरं झालं रे. दोघंही पडलो असतो तर मला शाळेत कुणी नेलं असतं?"

खरंच, मी नेलं होतं. सात वर्षांचा असल्यापासून. तिचं दप्तर माझ्या गळ्यात, तिचा हात माझ्या खांद्यावर, बांधाच्या वाटेनं दीड कोस. मी ते विसरूनच गेलो होतो. तिनं ते हिशेबात धरलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिला चार पावलं टाकली की धाप लागायची. पोलिओ झालेल्यांना उतारवयात असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तरी ती शिकवायला जात होती. पेशींचा तो धडा ती दरवर्षी नव्यानं शिकवायची आणि शेवटी फळ्यावर सारख्या दोन ओळी लिहून वर्गाला विचारायची, यातला कोण चालत असेल? मुलं नाना तर्क करायची. ती कुणालाच बरोबर म्हणायची नाही, चूकही म्हणायची नाही.

ती गेल्यापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. दीपनगरला पाळी सुटली की आम्ही चार-पाचजण गेटपर्यंत बरोबर निघतो, आणि थोड्याच वेळात बाकीचे पुढे गेलेले असतात. पूर्वीही जात असतील, मी बघत नव्हतो. परवा एकजण वळून म्हणाला, "बापू, पाय दुखतो का?" मी नाही म्हटलं. पायांना काही झालेलं नाही. मी सात वर्षांचा असताना ते अक्काच्या ज्या चालीशी जुळवून चालायला शिकले, तीच चाल चालताहेत अजून... एक पाऊल टाकायचं, जरा थांबायचं, मग दुसरं.